माहीत आहे, पण हात ऐकत नाही!

दोस्तांनो, घरात चार-पाच वर्षांचं एखादं छोटं भावंड आहे का? नसेल तर शेजारचं बोलावून आणा. त्याला समोर उभं करा आणि सांगा, "मी 'डोकं' म्हटलं की तू पायाच्या बोटांना हात लावायचा. आणि 'पाय' म्हटलं की डोक्याला." दोन-तीन वेळा सराव करू द्या. मग भराभर सूचना सुरू करा. डोकं! पाय! पाय! डोकं!

आता त्याच्या हातांकडे नीट बघा. 'डोकं' ऐकलं की हात वर निघतात, छातीपाशी थबकतात आणि मग घाईघाईने खाली वळतात. कधी कधी थबकतच नाहीत, थेट डोक्यावर जाऊन बसतात. आणि लगेच जीभ बाहेर! म्हणजे आपलं चुकलं हे त्याला कळलेलं असतं. नियमही पाठ असतो. विचारा त्याला, घडाघडा सांगेल. तरी हात चुकतातच.

हा खेळ म्हणजे खरं तर एक शास्त्रीय चाचणी आहे. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मेगन मॅक्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लहान मुलांसाठी वापरात आणली. पुढे तिच्यात गुडघे आणि खांदेही आले. आणि मुलांना जरा जमायला लागलं की मधूनच जोड्या बदलायच्या, आता डोक्याची जोडी गुडघ्याशी! गुण द्यायची पद्धत तर फार सुंदर आहे. बरोबर केलं तर २, चुकलं तर ०. आणि चुकीच्या दिशेने निघालेला हात स्वतःहून वळवून बरोबर जागी नेला तर १. हा मधला एक गुण मला फार आवडतो. अध्येमध्ये वळलेल्या हाताचीही इथे नोंद होते.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? 'शिवाजी म्हणतो' खेळताना आम्ही हेच तर करतो! बरोबर आहे. 'तळ्यात-मळ्यात'ही त्याच जातीचा. आणि 'चिमणी उड, कावळा उड' म्हणता म्हणता कुणी 'म्हैस उड' म्हटलं की ज्याचं बोट वर जातं, त्याला काय म्हैस उडते असं वाटतं? मुळीच नाही. बोट थांबवायच्या आत ते वर गेलेलं असतं, एवढंच.

गंमत पुढे आहे. मॅक्लेलंड यांच्या गटाने अमेरिकेतल्या ३१० मुलांना हा डोकं-पायांचा खेळ वर्षाच्या सुरुवातीला खेळायला लावला आणि शेवटी पुन्हा लावला. ही मुलं बालवाडीच्या वयाची होती. सोबत त्यांची अक्षरओळख, शब्दसंग्रह आणि गणितही तपासलं. २००७ साली निष्कर्ष छापून आले. वर्षभरात ज्या मुलांची या खेळात जास्त प्रगती झाली होती, त्यांनी अक्षरं, शब्द आणि गणित यांतही जास्त प्रगती केलेली दिसली.

पायाच्या बोटांना हात लावण्याचा बेरजेशी काय संबंध? हेच तर कोडं आहे!

निघालेला हात आवरणं, नियम लक्षात ठेवून वागणं, मेंदूच्या अशा कामांना शास्त्रज्ञ 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन' म्हणतात. आपण त्याला मेंदूतला कारभारी म्हणू या. कारभारी स्वतः नांगर धरत नाही की धान्य पाखडत नाही. पण आत्ता कोणतं काम हाती घ्यायचं, कोणतं थांबवायचं, बेत बदलला तर कुणाला कुठे वळवायचं, हे सगळं त्याच्याकडे असतं. तसंच हेही. वाचन करणं किंवा पाढे म्हणणं हे त्याचं काम नाही. मनात आलेली पहिली गोष्ट आवरणं, लागेल तेवढी माहिती तेवढ्यापुरती डोक्यात धरून ठेवणं आणि नियम बदलला की स्वतःही बदलणं, ही त्याची मुख्य कामं. कपाळाच्या मागे मेंदूचा जो पुढचा भाग असतो, त्याचा यात मोठा वाटा असतो. हा भाग सगळ्यात सावकाश पिकणाऱ्या भागांपैकी एक आहे. विशी उलटली तरी त्याची वाढ चालूच असते! म्हणजे तुमचा कारभारी अजून उमेदवारीच करतोय.

तो अगदी नवखा असताना काय होतं, ते बघायचं असेल तर फिलिप झेलाझो या मानसशास्त्रज्ञाचा पत्त्यांचा खेळ बघा. दोन ट्रे असतात. एकावर निळ्या सशाचं चित्र, दुसऱ्यावर लाल होडीचं. मुलाच्या हातात द्यायचे लाल ससे आणि निळ्या होड्या. आधी सांगायचं, "रंगाप्रमाणे लाव." तीन वर्षांचं मूल लाल ससा अगदी बरोबर लाल होडीच्या ट्रेमध्ये टाकतं. काही पत्ते झाले की सांगायचं, "आता रंगाचा खेळ संपला. आता आकाराप्रमाणे लाव." तर ते मूल लाल ससा पुन्हा लाल होडीच्याच ट्रेमध्ये टाकतं! बहुतेक तीन वर्षांची मुलं असंच करतात.

त्यांना नवा नियम कळला नाही म्हणावं, तर तसंही नाही. अशा एखाद्या मुलाला विचारा, "आकाराच्या खेळात ससे कुठे जातात?" ते बोटाने सशाचा ट्रे दाखवतं. बरोबर! "शाब्बास. मग हा घे ससा, ठेव." आणि ससा जातो होडीच्या ट्रेमध्ये. पाच वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुलांना हे सहज जमायला लागतं.

माहीत असणं आणि माहीत आहे ते वेळेवर करणं ही मेंदूची दोन वेगवेगळी कामं आहेत. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण शाळेत ही दोन कामं सतत एकमेकांत मिसळतात. मग मूल चुकलं की आपण पटकन म्हणतो, "याला येतच नाही."

आता तुम्हालाच एक गणित घालते. चटकन उत्तर द्या हं. मीनाकडे २५ गोट्या आहेत. तिच्याकडे राजूपेक्षा ५ गोट्या जास्त आहेत. तर राजूकडे किती?

किती जणांच्या तोंडावर ३० आलं? पुन्हा वाचा. जास्त गोट्या मीनाकडे आहेत, त्यामुळे राजूकडे २० असणार. यात अवघड काहीच नाही, २५ वजा ५ तर दुसरीतल्या मुलालाही येतं. पण 'जास्त' दिसलं की बेरीज करायची, ही सवय आपल्याला शेकडो गणितं सोडवून लागलेली असते. ती वाईट नाही. बहुतेक वेळा तीच कामाला येते. फक्त अशा गणितात तिला क्षणभर अडवावं लागतं.

पॅरिसमधल्या ऑलिव्हिए हूदे यांच्या गटाने हे अडवणं खरोखर पकडून दाखवलं. कसं ते ऐका, कारण युक्ती झकास आहे. त्यांनी आधी असं फसवं गणित दिलं, जिथे 'जास्त' असूनही वजाबाकी करायची होती. त्याच्या लगेच मागून साधं गणित दिलं, जिथे 'जास्त' म्हणजे खरोखरच बेरीज होती. हे दुसरं गणित सोडवायला नेहमीपेक्षा जरासा जास्त वेळ लागला! का? तर पहिल्या गणितात बेरजेच्या सवयीला जो ब्रेक लावला होता, तो अजून पुरता सुटलेला नव्हता. मुलांमध्ये हे दिसलं, तसंच मोठ्या माणसांमध्येही दिसलं. म्हणजे मोठ्यांचीही ती सवय गेलेली नसते. त्यांना तिला आवरण्याचा सराव झालेला असतो.

वजाबाकीतही असंच होतं. ४२ मधून १७ वजा करताना कुणीतरी ३५ लिहितं. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून हात आपोआप ७ मधून २ काढून मोकळा होतो. मोठ्यातून लहान वजा करायचं, ही जुनी सवय. हातचा घ्यायचा हे त्याच मुलाला विचारलं तर कदाचित ते सांगेलही.

आणखी एक खेळ घरी करा. निळ्या पेनने 'लाल' लिहा, लाल पेनने 'हिरवा', हिरव्या पेनने 'निळा'. असे दहा-बारा शब्द झाले की शब्द न वाचता फक्त शाईचा रंग भराभर सांगायचा. जीभ अडखळतेच! जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन संशोधकाने १९३५ साली याच प्रकारचे प्रयोग छापले. वाचायची एकदा सवय झाली की समोर आलेला शब्द न वाचणं फार कठीण असतं. तुमचं कुणी मावसभावंड अमेरिकेत वाढलेलं असेल, घरात मराठी छान बोलत असेल पण देवनागरी अडखळत वाचत असेल, तर त्याला हा मराठी कागद द्या. ते तुमच्यापेक्षा कमी अडखळेल. मग हेच शब्द इंग्रजीत लिहून द्या आणि बघा.

आता कारभाऱ्याच्या दुसऱ्या कामाकडे वळू, माहिती तेवढ्यापुरती धरून ठेवण्याकडे. त्याची गोष्ट जुनी आहे. तीन डुकरांची गोष्ट ठाऊक आहे ना, लांडगा फुंकर मारून घरं पाडतो ती? ती ज्यांच्या इंग्रजी परीकथांच्या पुस्तकातून घरोघरी पोचली, ते जोसेफ जेकब्ज. भारतातल्या गोष्टींचंही एक पुस्तक त्यांनी १८९२ साली काढलं. पण गोष्टी गोळा करण्याआधी, १८८७ साली, या गृहस्थांनी लंडनमधल्या शाळकरी मुलींवर एक प्रयोग केला होता. एकेक अंक ओळीने वाचून दाखवायचे आणि ते त्याच क्रमाने परत सांगायला लावायचे. किती अंकांपर्यंत जमतं, ते मोजायचं. मोठ्या वर्गातल्या मुलींना जास्त अंक धरता आले. आणि वर्गात ज्यांचा नंबर वरचा होता, त्यांनाही साधारणपणे जास्त जमले. शाळेतली प्रगती आणि डोक्यात धरून ठेवण्याची ही ताकद यांचं नातं तेव्हाच कुणाच्या तरी नजरेला पडलं होतं!

तुम्ही करून बघा. ५, ८, २, ६. आता न बघता उलटे म्हणा. उलटे म्हणताना काहीतरी वेगळंच होतं ना? अंक धरायचेही आणि फिरवायचेही. तोंडी हिशेब करताना नेमकं हेच करावं लागतं. मोठं वाक्य वाचताना, त्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात लक्षात ठेवतानाही हेच.

आता वर्गातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. बाई सांगतात, "गणिताची वही मिटा, खिडकीजवळच्या ट्रेमध्ये ठेवा, परिसर अभ्यासाचं पुस्तक काढा, बत्तिसाव्या पानावरचं चित्र बघा आणि त्यातल्या तीन वस्तू लिहून काढा." एक मुलगा उठतो, वही ट्रेमध्ये ठेवतो आणि तिथेच उभा राहतो. इकडेतिकडे बघतो. "लक्ष कुठे आहे तुझं?" म्हणून ओरडाही खातो.

इंग्लंडमधल्या सुसन गॅदरकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळांच्या वर्गांत बसून अशा मुलांकडे बारकाईने पाहिलं. पहिली सूचना पाळून ही मुलं पुढे अडतात. लिहिताना वाक्यातला एखादा शब्द गाळतात किंवा तोच पुन्हा लिहितात. शिक्षकांना वाटतं की यांचं लक्ष नाही. खरं तर त्यांनी ऐकलेलं असतं. पण वही ठेवून होईपर्यंत पुढचं सगळं डोक्यातून निसटून गेलेलं असतं. यावर गॅदरकोल यांच्या गटाने सुचवलेले उपाय अगदी साधे आहेत. सूचना छोट्या द्या. एकदम पाच देऊ नका. फळ्यावर लिहून ठेवा. विसरलं तर पुन्हा विचारायची मोकळीक द्या. आणि मोठ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांना माझी मनापासून विनंती आहे, 'लक्ष नाही' म्हणण्याआधी एकदा सूचना मोजून बघा.

तुमच्यापैकी कुणाला आता काळजी वाटेल, "माझा कारभारी कच्चा असला तर?" तर थोडं थांबा, चित्र अजून पूर्ण झालेलं नाही.

एक तर कारभारी म्हणजे सगळं नव्हे. ग्रेग डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारे सहा मोठे अभ्यास एकत्र तपासले. शाळेत येतानाच्या कोणत्या गोष्टीवरून पुढच्या प्रगतीचा सगळ्यात चांगला अंदाज येतो? पहिला क्रमांक लागला सुरुवातीच्या गणिताचा. मग वाचन, आणि त्यानंतर लक्ष देण्याची क्षमता. म्हणजे मोजता येणं आणि अक्षरं ओळखता येणं यांना पर्याय नाही. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं ते ज्ञानच नसेल, तर कारभारी बिचारा काय करील?

दुसरं असं की दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते, असं ठरत नाही. घरात शांत कोपरा असेल, पुस्तकं असतील, झोप पुरेशी होत असेल, पोटभर जेवण मिळत असेल, तर कारभारीही तयार होतो आणि अभ्यासही. रॉबिन जेकब आणि ज्युलिया पार्किन्सन यांनी २०१५ साली या विषयावरचे साठाहून जास्त अभ्यास चाळले. दोन्हींचं नातं सगळ्या वयांत दिसलं. पण फक्त कारभारी सुधारला म्हणून गुण वाढले, असं सिद्ध करणारा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. कॉम्प्युटरवर स्मरणशक्तीचे खेळ खेळून मुलं त्या खेळात तरबेज होतात, त्याच्यासारख्या दुसऱ्या खेळातही होतात. गणित-वाचन मात्र त्यामुळे फारसं सुधारत नाही. तेव्हा 'मेंदू तल्लख करा' अशी महागडी जाहिरात दिसली तर आईबाबांना हे जरूर सांगा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९६० च्या दशकाच्या शेवटी वॉल्टर मिशेल यांनी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत एक प्रयोग सुरू केला होता. मुलासमोर खाऊ ठेवायचा. मार्शमॅलो नावाची मऊ, साखरेची मिठाई असते, तिच्यासाठी हा प्रयोग प्रसिद्ध झाला. "आत्ता खाल्लास तर एक. मी येईपर्यंत थांबलास तर दोन." काही मुलं थांबायची. डोळे झाकून घ्यायची, गाणी म्हणायची, खुर्ची फिरवून बसायची. जी थांबली ती पुढे शाळेत चमकली, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. २०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून जास्त मुलांची माहिती तपासली, तेव्हा हे नातं बरंच कमी निघालं. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तर त्यातलंही बरंचसं उरलं नाही.

आणि सेलेस्ट किड यांनी त्याच प्रयोगाला काय वळण दिलं बघा. बेघर कुटुंबांच्या निवारा केंद्रात त्यांनी काम केलं होतं. तिथली मुलं बघून त्यांना वाटायचं की यांच्यापैकी कुणीच थांबणार नाही, सगळी लगेच खाऊन टाकतील. मग रॉचेस्टर विद्यापीठात असताना त्यांनी २८ मुलांचे दोन गट केले. चित्र काढायला मुलांना जुने खडू दिले आणि सांगितलं, "थांबलात तर छान नवे खडू आणते." एका गटाला नवे खडू खरोखर मिळाले. दुसऱ्या गटाला उत्तर मिळालं, "सॉरी, नाहीयेत." स्टिकर्सचंही तसंच. आणि मग समोर आला मार्शमॅलो. शब्द पाळलेल्या गटातली १४ पैकी ९ मुलं पूर्ण १५ मिनिटं थांबली. शब्द मोडलेल्या गटातलं फक्त एक मूल थांबलं!

दुसऱ्या गटातल्या मुलांचा कारभारी कच्चा होता का? मुळीच नाही. गट तर नुसते पाडलेले होते. या माणसाच्या शब्दावर थांबण्यात अर्थ नाही, हा त्या मुलांनी काढलेला निष्कर्ष अगदी शहाणपणाचा होता. म्हणून एखादं मूल धीर धरत नाही असं दिसलं, तर त्याला आजवर दिलेली वचनं कुणी किती पाळली, हेही विचारायला हवं.

मग कारभाऱ्याला मदत करायचीच झाली तर कशी? इथे खेळ पुन्हा येतात. भातुकली खेळताना आई झालेली मुलगी खोटा खोटा चहा उकळेपर्यंत थांबते, एरवी खरा चहा निवेपर्यंतही तिला धीर नसतो. रशियात १९४८ साली मानुइलेंको यांचा एक अभ्यास छापून आला. मुलांना नुसतं "हलू नकोस, उभा राहा" म्हटलं तर ती जेवढा वेळ उभी राहिली, त्याहून कितीतरी जास्त वेळ पहारेकरी बनून खेळताना उभी राहिली.

२०१७ साली रेचल व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८० मुलांवर असाच एक प्रयोग छापला. वयं चार आणि सहा. काम मुद्दाम कंटाळवाणं होतं, पडद्यावर चित्रं येणार आणि त्याप्रमाणे बटण दाबायचं, दहा मिनिटं. शेजारी आयपॅडवर मजेदार गेम तयार. कंटाळा आला की तो खेळायची पूर्ण मुभा. मुलांचे तीन गट केले. एका गटाने स्वतःला विचारायचं, "मी नीट काम करतोय का?" दुसऱ्याने स्वतःचं नाव घेऊन विचारायचं, जसं की, "सोनू नीट काम करतोय का?" तिसऱ्या गटातल्या मुलांनी बॅटमॅन, डोरा, बॉब द बिल्डर किंवा रॅपन्झेल व्हायचं, तसा जामानिमा करायचा आणि विचारायचं, "बॅटमॅन नीट काम करतोय का?"

सगळ्यात चिकाटीने काम केलं ते बॅटमॅन आणि डोरा झालेल्या मुलांनी. त्यांच्या मागे स्वतःचं नाव घेणारी. 'मी' म्हणणारी मुलं सगळ्यात मागे. असं का झालं असेल? संशोधकांना वाटतं की दुसरं कुणीतरी झालं की त्या खुणावणाऱ्या गेमपासून मन जरासं लांब सरकतं, आणि बॅटमॅन काम अर्धवट सोडत नाही हेही मुलांना पक्कं ठाऊक असतं. एकंदर पाहिलं तर सहा वर्षांची मुलं चार वर्षांच्या मुलांपेक्षा जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. आणि तरीही सगळ्यांचा मिळून हिशेब केला, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळ आयपॅडवरच गेला होता!